अर्ध्या शहाण्याची रोजकीर्द

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांची गोष्ट आपल्या घरांतून अजून सांगितली जाते. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे आणि नाना फडणीस हे अर्धे. नाना अर्धे का, याचे उत्तरही ठरलेले असते. बाकीचे तिघे मसलत करीत आणि वेळ पडली तर तलवारही धरीत. नानांनी आयुष्यभर धरली ती लेखणी. शाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हा तो अर्धा शहाणा मला थोडा बिचाराच वाटला होता. आज तसे वाटत नाही. ज्या लेखणीमुळे त्यांचे अर्धे शहाणपण कापले गेले, त्या लेखणीनेच त्यांनी राज्य सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे उभे ठेवले, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले, हे सांगण्यासाठीच हा लेख.

मी पोटापाण्यासाठी पुण्यात संगणकाचे काम करतो. एका संस्थेच्या डेटाबेसची, म्हणजे सगळ्या हिशेबांच्या कोठाराची, देखभाल माझ्याकडे आहे. घरच्यांना हे काम समजावून सांगणे अवघड जाते. पण आपल्याकडच्या जुन्या दुकानदाराला ते एका वाक्यात कळेल. आधी कीर्द, मग खतावणी. दिवसभरात जे जे घडले ते घडले त्या क्रमाने कीर्दीत उतरवायचे आणि मग सवडीने एकेकाच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, चढवायचे. संगणकही अगदी हेच करतो. आपण भाजीवाल्याला फोनवरून चाळीस रुपये पाठवले, की आपल्या खात्यातली रक्कम बदलण्याआधी त्या बदलाची नोंद एका सलग लिहिल्या जाणाऱ्या फायलीत होते. तिला ट्रॅन्झॅक्शन लॉग म्हणतात. नोंद पक्की झाली की मगच व्यवहार झाला असे मानायचे. मध्येच वीज गेली, यंत्र कोसळले, तरी कीर्द शाबूत असेल तर खतावणी पुन्हा लिहिता येते. कीर्दच गेली तर मात्र काहीच सांगता येत नाही.

आता ही कीर्द रोज वाढत जाते. ती कुठे ठेवायची, किती दिवस ठेवायची, कुणाच्या हाती सोपवायची आणि सोपवल्याची खात्री कशी करायची, हा माझ्या धंद्यातला नित्याचा प्रश्न आहे. हुजूर दप्तराची माहिती वाचू लागलो तेव्हा लक्षात आले, की हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी याच गावात एका माणसासमोर होता आणि त्याने तो सोडवला होता.

वेळासचे भानू

नानांचे पूर्ण नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणे मूळचे कोकणातल्या वेळासचे. आजोबा बाळाजी महादेव हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे जिवाभावाचे सोबती. श्रीवर्धनचे भट आणि वेळासचे भानू बरोबरच घाटावर आले. बाळाजी विश्वनाथांच्या शब्दावरून शाहू महाराजांनी भानूंना फडणिशी दिली. १७१९ साली दिल्लीच्या स्वारीत झालेल्या दंगलीत बाळाजी महादेव मारले गेले. फडणिशी घरात राहिली.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला. नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव हेही त्याच वर्षीचे. पेशव्यांच्या मुलांबरोबर नाना वाढले, शिकले. १७५६ साली वडील जनार्दनपंत वारले आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती फडणिशीची लेखणी आली.

फडणीस म्हणजे कोण, हे थोडे सांगायला हवे. आज ते आपल्याला नुसते आडनाव वाटते. त्या काळी तो एक दरक, म्हणजे हुद्दा होता. प्रत्येक जिल्ह्यात कामविसदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस असे दरकदार असत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार कामविसदाराला नसे. पोतदाराने नाणी पारखायची, चिटणिसाने पत्रे लिहायची, फडणिसाने रोजच्या रोज रोजकीर्द लिहायची, दप्तरदाराने तिच्यावरून खतावणी करून महिन्याचा गोषवारा पुण्याला हुजुरात पाठवायचा. एकच रक्कम अशी तीन-चार जणांच्या हातांखालून जाई. एकाने लबाडी करायची म्हटली तर बाकीच्यांना सामील करून घेण्यावाचून गत्यंतर नसे. भानूंच्या घरी होती ती खुद्द हुजुरातली फडणिशी. सगळ्या राज्याच्या नोंदी शेवटी त्यांच्याच फडावर येत.

पानिपत आणि एक जळालेले पुणे

नानांच्या आयुष्यातला पहिला मोठा घाव पानिपतचा. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर ते उत्तरेत गेले होते. आई आणि पत्नी यशोदाबाईही बरोबर होत्या. तीर्थयात्रा घडावी हा हेतू. १४ जानेवारी १७६१ ला सगळे उधळले. एकोणीस वर्षे पुरी व्हायला महिना उरलेला हा तरुण वेष पालटून, भुकेला, रानावनातून कसाबसा निसटला. पत्नी सुखरूप सापडली. आई सापडली नाही. बालमित्र विश्वासराव रणात पडला. पुढे नानांनी आपल्या पूर्वायुष्याची हकीगत स्वतः लिहून ठेवली. तीत स्वतःची भीती आणि स्वतःचे दोष त्यांनी झाकलेले नाहीत. त्या काळच्या माणसाने असे लिहिणे दुर्मीळच. लिहून ठेवण्याची खोड हाडीमाशी खिळलेली होती, हेच यावरून दिसते.

दुसरा घाव पुण्यावर आला. १७६३ साली निजामअलीच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. पेशव्यांचे कुटुंब सिंहगडाच्या आसऱ्याला गेले. या धामधुमीत सरकारी कागदपत्रांचाही काही भाग आगीत गेला. पुढे इंग्रज अधिकारी दप्तर तपासू लागले, तेव्हा जुन्या सालांतली ही खिंडारे त्यांना दिसली.

माझ्या कामात नव्या मुलांना पहिला धडा हाच द्यावा लागतो. नोंदवही आणि तिची जतन केलेली प्रत एकाच घरात ठेवली, तर आग लागल्यावर दोन्ही जातात. सैन्याबरोबर हिंडणारे दप्तर सैन्याबरोबर बुडते. एका वाड्यात साठवलेले दप्तर वाड्याबरोबर जळते. तीन वर्षांच्या आत नानांनी पानिपतही पाहिले आणि जळालेले पुणेही. पुढे त्यांनी दप्तराची जी घडी बसवली, तिच्यामागे या दोन आठवणी असाव्यात असे मला वाटते.

चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर

थोरल्या माधवरावांची कारकीर्द अकरा वर्षांची. पेशवे स्वतः स्वारीवर असत आणि नाना बहुधा पुण्यात राहून कारभार पाहत. माधवराव कडक, हिशेबी आणि चुकारपणाला क्षमा न करणारे. नाना शांत, चिकाटीचे आणि कागद पाहिल्याशिवाय हो न म्हणणारे. ही जोडी जमली आणि याच काळात हुजूर दप्तराला शिस्त आली.

या दप्तरात दोनशेच्या वर कारकून होते. त्याचे दोन मुख्य भाग होते. पहिले चालते दप्तर, म्हणजे रोजच्या कामाचे. त्यात फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा. हुकूम, सनदा, वराता फडातून सुटत आणि त्यांची नोंद रोजकीर्दीत पडे. बेहेड्यात आलेल्या हिशेबांवरून पुढच्या सालाचा अंदाज बांधत. सरंजामात सरदारांना लावून दिलेल्या मुलखांचा तपशील असे. हे दप्तर पेशव्यांच्या कामाबरोबर हलत, वाढत राही.

दुसरे एकबेरीज दप्तर. ते कायम पुण्यात. स्वारी कुठेही जावो, हे जागचे हलायचे नाही. चालू कामातून मोकळे झालेले सगळीकडचे कागद इथे येत. इथले कारकून नवे हुकूम सोडत नसत. त्यांचे काम आलेले कागद लावणे, जमा-खर्च-बाकी यांचे वर्षवार तर्जुमे करणे आणि खर्चाच्या बाबवार खतावण्या करणे. कुठल्या परगण्यातून कुठल्या साली किती आले, कुठल्या देवस्थानाला किती लागले, हे विचारले की काढून दाखवता यावे, यासाठी ही सगळी मांडणी.

हे वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण डेटाबेसची रचना हीच असते. चालू व्यवहारांचे यंत्र एकीकडे आणि लिहून पुऱ्या झालेल्या कीर्दीच्या फायलींचे जतन दुसरीकडे. पोस्टग्रेस नावाचा जगभर विनामूल्य मिळणारा एक नामांकित डेटाबेस आहे. त्यात ही कीर्द साधारणपणे सोळा मेगाबाइटच्या तुकड्यांत लिहिली जाते. एक तुकडा भरला की दुसरा सुरू होतो आणि भरलेला तुकडा जतनाच्या जागी पाठवला जातो. तो तिथे पोहोचल्याची पावती मिळेपर्यंत मूळ तुकडा पुसायचा नाही, हा नियम. त्या नावाचा तुकडा तिथे आधीच असेल तर त्याच्यावर दुसरा लिहायचा नाही, हाही नियम. मग एखाद्या दिवशीचा पूर्ण ताळेबंद आणि त्यानंतरची सलग कीर्द एवढे हाती असले, की मधल्या कुठल्याही घटकेचे चित्र जसेच्या तसे उभे करता येते. पाडव्याची शिल्लक माहीत असेल आणि नंतरची एकही कीर्द गहाळ नसेल, तर आषाढी एकादशीच्या दुपारी दुकानात किती रोकड होती हे सांगता येते. तसेच हे. सलग हा शब्द मात्र महत्त्वाचा. मधला एक तुकडा हरवला, की त्याच्या पुढचे सगळे असूनही कामाचे राहत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. या डेटाबेसमध्ये जतन करणारा जो कारकून आहे, म्हणजे तसा छोटा प्रोग्राम आहे, तो पूर्वी प्रत्येक वेळी पाठवायच्या तुकड्यांची अख्खी रास चाळून सर्वांत जुना शोधी, तो पाठवी, की पुन्हा पहिल्यापासून रास चाळायला लागे. रास लहान असेल तोवर ठीक. काही कारणाने हजारो तुकडे तुंबले, की बिचाऱ्याचा सारा वेळ शोधण्यातच जाई आणि तुंबारा आणखी वाढे. २०२२ साली आलेल्या पंधराव्या आवृत्तीत एकदा चाळताना पुढचे चौसष्ट तुकडे हेरून ठेवायची सोय झाली. सुधारणा एवढीच, पण अडचणीच्या दिवशी तिचे मोल कळते. कागद लावून ठेवण्यासाठी वेगळे कारकून नेमणारे नाना तिला पटकन हो म्हणाले असते.

एका अक्षराची कथा

१८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव वारले. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ ला, ऐन गणेशोत्सवात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. ध चा मा केल्याची आख्यायिका आपल्याला तोंडपाठ आहे. धरण्याचा हुकूम एका अक्षराच्या बदलाने मारण्याचा झाला, अशी ही कथा. तिच्या खरेखोटेपणाच्या वादात मी शिरत नाही. पण ती लोकांना इतकी पटली याचे कारण मला कळते. एकाच हाताने लिहिलेला, एकाच हातात असलेला, दुसरीकडे कुठेही नोंद नसलेला कागद किती धोक्याचा, हे लोकांना नेमके उमगले होते. ज्या हुकमाची रोजकीर्दीत नोंद पडते, त्याचे अक्षर बदलणे इतके सोपे नसते.

त्यानंतरचे नाना आपल्याला माहीत आहेत. बारभाईंचे कारस्थान रचून त्यांनी राघोबादादांना दूर ठेवले. गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित ठेवले. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि पाळण्यातल्या पेशव्याच्या नावाने राज्य चालू लागले. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांना मान तुकवावी लागली. १७८२ च्या मे महिन्यात महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. पण नानांनी त्यावर मंजुरीची मोहोर उठवायला कित्येक महिने लावले. हैदरअलीशी केलेला करार अजून जिवंत होता. हैदर डिसेंबरात वारला, त्यानंतरच तह कायम झाला.

पाळण्यातल्या धन्याचे राज्य कशावर चालते? पेशव्याचा शब्द नाही, पेशव्याची तलवार नाही. चालते ते कागदावर. कुणाला काय दिले, कुणाकडून काय येणे, कोणत्या सालचा कोणता करार, हे ज्याच्याजवळ आहे त्याच्याशी सरदारांना बोलावेच लागते. १७९२ साली महादजी पुण्यात आले, तेव्हा उत्तरेतल्या मोहिमांच्या खर्चाचा वाद उभा राहिला. शिंदे म्हणत आमचे येणे आहे. नाना म्हणत हिशेब दाखवा. दोघांमध्ये तलवार निघाली नाही, कागद निघाले. दोन बलाढ्य माणसांचे भांडण हिशेबाच्या चौकटीत राहिले, हेच त्या दप्तराचे यश म्हणायचे.

जे कीर्दीत उतरत नाही

नानांचा गौरव करताना एक गोष्ट टाळून चालणार नाही. त्यांनी नेमलेला पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत १७९१ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेतून आलेले वीस-एकवीस ब्राह्मण गुदमरून मेले. शहर खवळले. अखेर नानांना घाशीरामाला लोकांच्या हवाली करावे लागले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या नाटकाने १९७२ साली हे नाव पुन्हा सर्वतोमुखी केले. नाटकातले नाना हे नाटककाराचे नाना, तो विषय वेगळा. पण मूळ घटना नाटकातली नाही. कोतवालीची जमा सरकारात येत होती, हिशेब लागत होते, नोंदी पडत होत्या. रात्री रस्त्यांवर काय चालते, लोक कोतवालाला किती भितात, हे मात्र कुठल्याच रकान्यात नव्हते. बरोबर असलेल्या हिशेबावरून सगळे ठीक आहे असे समजणे, हा धोका नानांच्या वेळी होता तसाच आजही आहे. आमच्या यंत्रांच्या पडद्यांवरही सगळे दिवे हिरवे असतात आणि खिडकीपाशी एखादी म्हातारी आपल्या पेन्शनसाठी चौथ्यांदा हेलपाटा घालत असते.

दुसरा दोष त्याहून खोल. सगळी सूत्रे नानांनी आपल्या हाती ठेवली. बाल पेशव्याला त्यांनी जपले, शिकवले, पण मोकळे सोडले नाही. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला आणि नानांच्या भाग्याचा कळस झाला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला एकवीस वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्यातल्या सज्जावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. पुढची चार वर्षे म्हणजे नानांची उतरंड. कधी महाडकडे पळणे, कधी परत येणे. ज्या बाजीरावांना गादीवर येऊ द्यायचे नव्हते त्यांनाच १७९६ च्या डिसेंबरात पेशवे म्हणून मान्य करणे. १७९७ च्या शेवटच्या दिवशी दौलतराव शिंद्यांकडून दग्याने कैद. नगरच्या किल्ल्यात कित्येक महिने. सुटून आल्यावर पुन्हा कारभार, पण हातात पूर्वीची पकड नाही. १३ मार्च १८०० ला पुण्यात त्यांचा अंत झाला. मागे राहिली ती जिऊबाई, जेमतेम नऊ वर्षांची पत्नी.

थांबणे आणि विसरणे

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका संस्थेत घडलेली गोष्ट मी जवळून पाहिली आहे. जतनाची जागा भरून गेली आणि शुक्रवारी रात्रीपासून कीर्दीचे तुकडे तिथे जाईनासे झाले. पावती मिळेना म्हणून मूळ यंत्र जुने तुकडे पुसेना. शनिवार-रविवारी कुणाचे लक्ष नव्हते. सोमवारी सकाळी मूळ यंत्रातही तसूभर जागा उरली नाही आणि डेटाबेस बंद पडला. दारात रांग, आत धावपळ, वरून फोन. दुपारी दोनला कामकाज सुरू झाले. लोकांनी शिव्या दिल्या आणि त्या रास्तच होत्या. पण त्या दिवशी कुणाचा एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता. यंत्राने थांबणे पत्करले, विसरणे पत्करले नाही. त्याची घडणच तशी केलेली असते.

दुसऱ्या बाजीरावांच्या दरबाराने नेमके उलटे केले. कारभार चालू ठेवला आणि विसरणे पत्करले. नाना गेल्यावर दप्तराकडे लक्ष देणारे कुणी राहिले नाही. कारकून कमी झाले. कुणीही यावे, हवे ते कागद न्यावेत, अशी स्थिती आली. मुलूख मक्त्याने देण्याची पद्धत वाढली. मग कुठल्या गावाला खरोखर किती झेपते हे विचारायचे कारणच उरले नाही. जो जास्त बोली लावेल त्याला गाव. १८१८ साली राज्य बुडाले आणि इंग्रजांनी दप्तर ताब्यात घेतले, तेव्हा अखेरच्या काळातले बरेच कागद त्यांना सापडलेच नाहीत. त्याआधीचे, नानांच्या काळातले, भरगच्च होते. राज्य कधी खचू लागले हे रुमालांच्या जाडीवरूनच कळावे, असा हा प्रकार.

उरलेल्या कागदांनी पुढे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रज अमलात १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ मध्ये तिच्यासाठी कायदा झाला. आमची जमीन इनाम आहे असे म्हणणाऱ्या हजारो घराण्यांना पुरावा मागण्यात आला. ज्यांच्या सनदेची नोंद दप्तरात निघाली त्यांचे इनाम टिकण्याला आधार मिळाला. ज्यांची निघाली नाही त्यांच्या तोंडचा घास गेला. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा कारकुनाने दिवेलागणीच्या आत एक ओळ लिहिली की नाही, यावर कुणाची तरी नातवंडे जेवली किंवा उपाशी राहिली. रोजकीर्द ही नुसती राजाची सोय नसते. ज्याच्याकडे दुसरा पुरावा नाही, त्याची ती शेवटची साक्ष असते.

रुमाल सोडणारे

हे सारे कागद आज पुण्यातच, पुराभिलेखागारात आहेत. १८९१ साली त्यांच्यासाठी काउन्सिल हॉलजवळ स्वतंत्र दगडी इमारत झाली. सुमारे पस्तीस हजार रुमाल आणि फायली तिथे आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून निवडक नोंदी उतरवून काढल्या. त्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, पेशवाईतल्या समाजाचे चित्र काढले. लढायांच्या पलीकडचे. त्यात दारूबंदी होती, वेठ होती, विहिरी होत्या, लग्नाचे नियम होते. पुढे १९३० नंतर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसायांनी वयाच्या पासष्टीनंतर या दप्तरात बसून निवडींचे पंचेचाळीस खंड काढले. नानांच्या खाजगी कागदांचा मोठा साठा वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात राहिला होता. तोही अभ्यासकांच्या हाती आला. पुण्यापासून दूर राहिलेला तो साठा पुण्यातल्या उलथापालथीतून वाचला. दुसऱ्या जागी ठेवलेल्या प्रतीचा फायदा यापेक्षा चांगला कसा सांगायचा?

आता अडचण उरली आहे ती वाचणाऱ्यांची. हे कागद मोडीत आहेत. शब्द सुटे न करता, हात न उचलता बोरूने भरभर लिहिलेली ही लिपी विसाव्या शतकात शाळांतून गेली. कागद आहे, शाई शाबूत आहे, पण घरात वाचणारा नाही, अशी पाळी कित्येक घराण्यांवर आली. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग चालवतात म्हणून हा धागा तुटलेला नाही. संगणकातही हेच होते. वीस वर्षांपूर्वीची जतन केलेली फाइल असते, ती उघडणारा प्रोग्राम मात्र कुठे मिळत नाही. म्हणून आमच्या धंद्यात एक शिस्त पाळावी लागते. नुसते जतन करून भागत नाही, अधूनमधून जतनातला साठा काढून त्यावरून सगळा हिशेब दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभा करून पाहायचा. उभा राहिला तरच जतन झाले असे म्हणायचे. दोनशे कारकुनांपैकी निम्मे नानांनी याच कामाला लावले असावेत असा माझा समज आहे. तर्जुमा करायचा म्हणजे प्रत्येक कागद पुन्हा वाचावाच लागतो आणि वाचला की काय हरवले आहे ते आपोआप कळते.

आपल्या प्रत्येकाच्या घरात एक लहानसे हुजूर दप्तर असते. ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या खणात, आता फोनमध्ये. सातबारा, विम्याची कागदे, आजीच्या नावावरची ठेव, मुलांच्या जन्माचे दाखले, हजारो फोटो. बहुतेक घरांत ते कुठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक असते. तो माणूस इस्पितळात असला की घरचे कपाटे उपसू लागतात. नानांचे दप्तर उत्तम होते, पण त्याची किल्ली नानांच्या डोक्यात होती. म्हणून ते गेल्यावर दहा वर्षांत त्याची रया गेली. येत्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांना बसवून ती ट्रंक एकदा उघडावी, कोणता कागद कशाचा ते मुलांना वाचून दाखवावे, एक प्रत दुसऱ्या गावी भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी. तासाभराचे काम आहे. मोठ्या मुलाने किंवा मुलीने वहीत यादी लिहावी आणि खाली तारीख घालावी. पुढच्या वर्षी तीच यादी काढून, एकेक कागद हातात घेऊन, तो जागेवर आहे ना ते पाहावे.